अनुभवाची साक्ष आणि आचाराची कसोटी
(न्यू इंग्लंडमधील भाविक स्त्रियांच्या लेखनाचा विचार)

परमार्थमार्गावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक साधकापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो. मला झालेला बोध खरा कशावरून? डोळ्यांत पाणी आले, कंठ दाटून आला, प्रपंचाचा वीट आला, क्षणभर चित्त निवले; परंतु ही ईश्वराची कृपा म्हणावी, की मनानेच मनाला दिलेले समाधान म्हणावे? या प्रश्नातील खरी अडचण अशी की ज्याची परीक्षा करावयाची तेही मन, आणि परीक्षा करणारेही तेच मन. आपलाच वाद आणि आपणच न्यायाधीश, असा हा प्रकार आहे. म्हणून पुष्कळ साधक हा प्रश्न विचारीतच नाहीत, आणि जे विचारतात त्यांतले पुष्कळजण लवकरच एखादे सोयीचे उत्तर पत्करून मोकळे होतात.

सतराव्या व अठराव्या शतकांत उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यू इंग्लंड या प्रदेशात काही ख्रिस्ती स्त्रियांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांनी तो आपल्या पत्रांत, रोजनिशीत व आत्मकथनात लिहून ठेवला. त्यांचा ईश्वरविषयक सिद्धान्त आपल्या शास्त्राहून भिन्न आहे, आणि तो भेद पुसून टाकण्याचा येथे हेतू नाही. तरीही हे लेखन आपल्याला अगदीच परके म्हणता येत नाही. १८१३ मध्ये मुंबईस येऊन मराठी भाषकांमध्ये कार्य सुरू करणारे अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांतून आले होते. त्यांना पुढे येऊन मिळालेले सॅम्युएल न्यूएल यांच्या पत्नी हॅरिएट या मुंबई पाहण्यापूर्वीच, १८१२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मॉरिशस बेटावर वारल्या. त्यांची रोजनिशी व पत्रे मागाहून प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत घरोघरी वाचली गेली. स्त्रीने आपल्या अंतःकरणाची झडती लिहून ठेवावी, ही रीत त्या वेळी तेथे दीडशे वर्षांहून अधिक जुनी होती.

ही रीत निर्माण कशी झाली, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. न्यू इंग्लंडात जाऊन वसलेले प्युरिटन लोक असे मानीत की कोणाचा उद्धार व्हावयाचा आणि कोणाचा नाही, हे ईश्वराने सृष्टीच्या पूर्वीच ठरविले आहे. मनुष्याच्या सत्कर्माने तो निर्णय बदलत नाही. मग आपण त्या निवडलेल्यांपैकी आहोत किंवा नाही, हे जाणण्याचा मार्ग कोणता? त्यांचे उत्तर असे की ईश्वर ज्याला निवडतो त्याच्या अंतरात एक पालट घडवून आणतो. आधी पापाची तीव्र जाणीव, मग स्वतःच्या सामर्थ्याविषयी पूर्ण निराशा, आणि शेवटी कृपेवर विसंबणे, असा त्या पालटाचा क्रम सांगितला जाई. १६३० नंतरच्या दशकात तेथील मंडळ्यांनी असा नियम केला की ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने आपल्या अंतरातील या पालटाचे निवेदन करावे आणि मंडळीने ते ऐकून निर्णय द्यावा. स्त्रियांनी सभेत बोलू नये असा संकेत असल्याने अनेक ठिकाणी त्यांचे निवेदन पाळकापुढे खाजगीत होई व तो ते सभेत वाचून दाखवी. अशा रीतीने जे स्वसंवेद्य होते ते परसंवेद्य करून दाखविण्याचा भार प्रत्येक भाविकावर आला. उपदेशाचा अधिकार स्त्रीला नव्हता. परंतु स्वतःचे अंतःकरण तपासण्याचे कर्तव्य मात्र तिलाही चुकले नव्हते.

येथे लगेच एक वाद उपस्थित झाला. अंतरातील पालटाचा पुरावा कशाचा मानावा, अंतरीच्या साक्षीचा की बाहेरच्या आचाराचा? बोस्टन येथे ॲन हचिन्सन नावाच्या बाई होत्या. सुईणीचे काम जाणणाऱ्या या बाईंच्या घरी पाळकांच्या प्रवचनांवर चर्चा करण्यासाठी स्त्रिया आणि पुढे पुरुषही जमत. त्यांचे म्हणणे असे की सदाचार हा कृपेचा पुरावा होऊ शकत नाही. दांभिकही सदाचारी असू शकतो. जो आचारावरून स्वतःला उद्धरलेला समजतो तो पुन्हा कर्मावरच विसंबतो. खरी साक्ष आत्म्याची, अंतरीची. या मतामुळे १६३७ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्या वेळी त्यांनी आपल्याला ईश्वराकडून साक्षात ज्ञान होते असे सांगितले, आणि तेथेच निकाल लागला. त्यांना प्रांतातून हद्दपार करण्यात आले व १६३८ मध्ये मंडळीनेही बहिष्कृत केले. न्यायाधीशांनी एका स्त्रीचे तोंड बंद केले हे खरे. परंतु प्रश्नाचे उत्तर त्याने मिळाले नाही. आचार दांभिकालाही साधतो, हा हचिन्सनबाईंचा आक्षेप खोटा नव्हता. आणि अंतरीची साक्ष भ्रमिष्टालाही वाटते, हा प्रतिपक्षाचा आक्षेपही खोटा नव्हता.

त्याच वसाहतीत ॲन ब्रॅडस्ट्रीट या कवयित्री राहत होत्या. १६१२ मध्ये इंग्लंडात त्यांचा जन्म झाला व १६३० मध्ये पती आणि वडील यांच्याबरोबर त्या समुद्र ओलांडून आल्या. त्यांच्या मेहुण्याने त्यांच्या कविता लंडनला नेऊन १६५० मध्ये छापल्या. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांनी आपल्या आठ मुलांसाठी लिहून ठेवलेले एक पत्र. आपल्या मृत्यूनंतर मुलांनी ते वाचावे, अशी त्यांची इच्छा होती. आई मुलांना निरोपाचा उपदेश करते तेव्हा ती आपली श्रद्धा दृढ आणि निर्मळ करून दाखवील, अशी आपली अपेक्षा असते. ब्रॅडस्ट्रीटबाईंनी तसे केले नाही. नवा देश प्रथम पाहिला तेव्हा आपले मन बंड करून उठले होते. ही ईश्वराचीच योजना आहे अशी खात्री पटल्यावर आपण नमलो, हे त्यांनी सांगितले. दुखणी आली, फार दिवस मूल झाले नाही, त्या त्या वेळी आपण ईश्वराकडे कसे वळलो, हे सांगितले. आणि मग, ज्याची कबुली त्या समाजात फार जड होती, तेही त्यांनी मुलांपासून लपविले नाही. शास्त्र खरे कशावरून, ईश्वर आहे हेच कशावरून, मी तर एकही चमत्कार पाहिलेला नाही, असे संशय आपल्याला अनेकदा छळून गेले, असे त्यांनी लिहिले. सृष्टीची रचना पाहून ईश्वर असला पाहिजे असे अनुमान त्या करतात. परंतु तो आपण पूजितो तोच कशावरून, आणि आपले विरोधक जे कॅथलिक त्यांचाच धर्म खरा नसेल कशावरून, असा पुढचा प्रश्नही त्या स्वतःला विचारतात. इतर भक्तांना जो अखंड आनंद लाभतो असे म्हणतात तो मला का लाभत नाही, हेही त्या विचारतात.

येथे कोणी शंका घेईल की असे संशय मुलांना सांगणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेला सुरुंग लावणे नव्हे काय? ज्याचा निश्चय डळमळीत त्याने दुसऱ्याला काय सांगावे?

याचे समाधान असे. संशय दोन प्रकारचा असतो. एक संशय आचरण चुकविण्यासाठी काढलेला असतो. त्याला उत्तर नकोच असते. दुसरा संशय जिज्ञासेचा असतो. तो मार्ग सोडीत नाही, मार्गावर चालत असतानाच विचारतो. लीळाचरित्रात महदाइसांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा भेद निराळा समजावून सांगावयास नको. ब्रॅडस्ट्रीटबाईंनी संशय लिहिला, पण प्रार्थना सोडली नाही, संसारातील कर्तव्य सोडले नाही. उलट जिने संशय लपविला असता तिच्या मुलांना पुढे संशय आला असता तेव्हा त्यांना वाटले असते की आपणच तेवढे पतित, आपली आई तर निःशंक होती. आईने आपला संशय सांगितला, त्यामुळे मुलांना त्यांच्या पडत्या काळात सोबत मिळाली. त्या समाजात एक गोष्ट उपदेशक स्वतःही सांगत असत: ज्याला आपल्या उद्धाराची मुळीच शंका नाही त्यानेच अधिक भ्यावे, कारण ती निर्धास्ती बहुधा खोटी असते.

१६६६ च्या जुलै महिन्यात ब्रॅडस्ट्रीटबाईंचे राहते घर जळून गेले. त्यावर त्यांनी लिहिलेल्या कवितेत जळालेल्या घराजवळून जाताना येथे पेटी होती, येथे आपण बसत होतो, असे आठवून हळहळणारे मन आणि हे सर्व ईश्वराचेच होते, त्याने ते नेले, असे त्या मनाला बजावणारा विवेक, हे दोन्ही आहेत. विवेकाचा शेवटी जय होतो, परंतु हळहळ पुसून टाकलेली नाही. वैराग्य म्हणजे काही न वाटणे, असा ज्यांचा समज आहे त्यांनी येथे विचार करावा.

परंतु प्रामाणिक आत्मपरीक्षण एवढ्याने काम भागते काय? या ठिकाणी दुसरे एक उदाहरण पाहिले पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर या गावी एका पाळकाची पत्नी मेरी रोलंडसन राहत होत्या. मूळ रहिवासी आणि वसाहतवाले यांच्यातील युद्धात १६७६ च्या फेब्रुवारीत गावावर हल्ला झाला. अनेक आप्त डोळ्यांदेखत मारले गेले, आणि मेरीबाई मुलांसह कैद झाल्या. सहा वर्षांची जखमी मुलगी त्यांच्या मांडीवर नऊ दिवसांनी वारली. हिमात, उपाशीपोटी, मुक्कामामागून मुक्काम करीत त्या सुमारे अकरा आठवडे बंदिवासात होत्या. वीस पौंड खंडणी देऊन त्यांची सुटका झाली. १६८२ मध्ये त्यांचा वृत्तान्त एका धर्मोपदेशकाच्या निनावी प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला व फार गाजला. सुखात असताना आपल्याला दुःख का येत नाही, ईश्वराचे आपल्याकडे लक्ष नाही की काय, असे कधी कधी वाटे. आता मात्र ते दुःख पुरेपूर मिळाले, असे त्या लिहितात. सुटकेनंतरही, इतर सर्व निजलेले असताना आपण एकट्याच जाग्या राहून ईश्वराच्या करणीचा विचार करतो, असेही त्या सांगतात. हे वाचताना कोणाचेही मन द्रवेल.

तथापि याच वृत्तान्तात एक प्रसंग आहे. बंदिवासातील एका इंग्रज मुलाला घोड्याच्या पायाचा उकडलेला तुकडा मिळाला होता. तो वातड असल्याने त्याला चावता येईना. मेरीबाईंनी तो त्याच्याकडून घेऊन स्वतः खाल्ला, आणि भुकेपुढे तोही रुचकर लागला म्हणून शास्त्रवचन आठवून ईश्वराची थोरवी गायिली. त्या मुलाचे पुढे काय, हा प्रश्न त्यांच्या लेखणीला शिवत नाही. भुकेने केलेल्या कृत्याबद्दल त्यांना दोष देणारे आपण कोण? परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ज्या बाईंनी शब्बाथाचे काही दिवस आपण वाया घालविले म्हणून स्वतःला दोष दिला, त्यांना हे कृत्य दोषाच्या यादीत घालावे असे सुचले नाही. ज्यांनी त्यांना कैद केले त्या लोकांतील काहींनी अन्न दिले, आसरा दिला, हे त्या प्रामाणिकपणे नोंदवितात. पण त्याचे श्रेय त्या माणसांना न देता केवळ ईश्वराला देतात. आत्मपरीक्षणाचा दिवा जिकडे धरावा तिकडेच उजेड पडतो. जेथे तो धरावा असे मनाला वाटतच नाही, तेथे अंधारच राहतो, आणि तेथे अंधार आहे हेही कळत नाही.

हीच गोष्ट सेरा ऑसबर्न यांच्या जीवनात अधिक स्पष्ट दिसते. १७१४ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या या बाई लहानपणी अमेरिकेस आल्या आणि ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट या बंदरात त्यांचे आयुष्य गेले. पहिला पती खलाशी होता. लग्नानंतर दोन वर्षांतच तो समुद्रावर वारला. दुसऱ्या पतीचा धंदा बुडाला. शाळा चालवून व शिवणकाम करून त्यांनी संसार ओढला. १७४४ मध्ये अकरा वर्षांचा एकुलता मुलगा गेला. त्याच्या अंतरात पालट झाल्याची खूण दिसण्याआधीच तो गेला, हे त्यांचे मोठे दुःख होते. १७४३ मध्ये त्यांनी आत्मकथन लिहिले आणि पुढे रोजनिशीची हजारो पृष्ठे लिहिली. १७५५ मध्ये त्यांचे एक पत्र नाव न देता बोस्टन येथे पुस्तिकारूपाने छापले गेले. खऱ्या ख्रिस्तीपणाचे स्वरूप, निश्चिती आणि पुरावा, असा त्याचा विषय. कृपेची निश्चिती मिळू शकते, असे त्या आपल्या संशयग्रस्त मैत्रिणीस सांगतात. आपल्या मनाचे प्रेम कशाकडून कशाकडे वळले, हे शास्त्राशी ताडून पाहावे, असा त्यांचा उपाय आहे.

१७६६ व १७६७ या वर्षांत त्यांच्या घरी प्रार्थनेसाठी एवढे लोक लोटू लागले की आठवड्याची संख्या पाचशेच्या वर गेली. रविवारी संध्याकाळी दास्यातील कृष्णवर्णी स्त्रीपुरुष येत. स्त्रीने असे करणे योग्य नव्हे, तिने आपला वेळ घरकामात घालवावा, असे स्नेही पाळक जोसेफ फिश यांनी सुचविले. त्यास दिलेल्या उत्तरात बाईंनी आपण उपदेशकाचा अधिकार बळकावीत नाही, हे काम पाळकांनी घ्यावे म्हणून आपण आधी त्यांनाच विनविले होते, असे सांगितले. या कामाने आपण थकत नाही, उलट विसावा पावतो, असे सांगून त्यांनी ते नम्रपणे पण ठामपणे चालू ठेवले. येथे अनुभव आणि आचार एक झाले, असे कोणीही म्हणेल.

परंतु न्यूपोर्ट हे त्या काळी माणसांच्या खरेदीविक्रीचे मोठे बंदर होते, आणि ऑसबर्नबाईंच्या मालकीचाही बॉबी नावाचा एक दास मुलगा होता. त्या मुलाची आई त्यांच्याच परिचयातील, त्यांच्याच धर्माची, दास्यातील एक स्त्री होती. पैशाची अडचण आली तेव्हा मुलाला विकण्याचा विचार बाईंनी केला, आणि त्या आईने त्यास हरकत घेतली. येथे थांबून विचार केला पाहिजे. हजारो पृष्ठे आत्मपरीक्षण लिहिणाऱ्या, प्रार्थनेत जरा मन विचलित झाले तरी स्वतःला दोष देणाऱ्या बाईंना जे स्वतःहून दिसले नाही, ते त्या निरक्षर मानल्या जाणाऱ्या वर्गातील आईला दिसले. दिसणारच, कारण ज्याच्या पायावर दगड पडतो त्याला दगडाचे वजन विचारावे लागत नाही. पुढे त्या मंडळीचे पाळक झालेले सॅम्युएल हॉपकिन्स यांनी १७७६ मध्ये दास्यप्रथेविरुद्ध पुस्तिका लिहिली, आणि ऑसबर्नबाईंचेही मत उत्तरायुष्यात पालटले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १७९६ मध्ये त्या वारल्यावर त्यांच्या लेखनातील निवडक भाग हॉपकिन्स यांनीच १७९९ मध्ये प्रसिद्ध केला.

या संदर्भात फिलिस व्हीटली यांचे स्मरण अवश्य केले पाहिजे. १७६१ मध्ये सातआठ वर्षांच्या वयात त्यांना आफ्रिकेतून आणून बोस्टन येथे विकण्यात आले. १७७१ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १७७३ मध्ये त्यांच्या धार्मिक व नैतिक विषयांवरील कवितांचा संग्रह लंडनला छापला गेला. न्यूपोर्ट येथील ओबर टॅनर या दास्यातील मैत्रिणीस त्यांनी लिहिलेली भक्तिपर पत्रे आजही उपलब्ध आहेत. ज्यांनी त्यांना विकत घेतले त्यांच्याकडूनच त्यांना धर्म मिळाला, आणि तो त्यांनी मनापासून स्वीकारला. परंतु १७७४ मध्ये मूळ रहिवाशांपैकी असलेले उपदेशक सॅमसन ऑकम यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले की स्वातंत्र्याची आवड ईश्वरानेच प्रत्येक मनुष्याच्या अंतरात घातली आहे, आणि स्वतःसाठी स्वातंत्र्याचा घोष करून दुसऱ्याला दास्यात ठेवणाऱ्यांचे बोलणे आणि वागणे यांत किती विसंगती आहे, हे समजावयास तत्त्वज्ञ असावे लागत नाही. हे पत्र त्याच वर्षी वृत्तपत्रांतही आले. धर्म देणाऱ्यांच्या आचाराची परीक्षा ज्याला धर्म दिला त्याने त्याच धर्माच्या आधारे केली, असे हे दुर्मीळ उदाहरण होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अनुभवाची साक्ष खरी, की आचाराची? हचिन्सनबाईंनी अनुभव धरला, त्यांच्या न्यायाधीशांनी आचार धरला. वरील उदाहरणांवरून असे दिसते की दोन्ही पक्षांच्या मांडणीत एक उणीव आहे. आचार तपासावयाचा हे ठरले, तरी तो तपासणार कोण? जर मीच तपासणार, तर जे मन अनुभवाच्या बाबतीत स्वतःला फसविते तेच आचाराच्या बाबतीतही फसविणार. ते लहान दोष मोठे करून दाखवील आणि जो दोष सोडणे महाग पडते तो दोषच नाही असे म्हणेल. आपल्या सूत्रपाठात विचार आणि आचार ही प्रकरणे स्वतंत्र आहेत. विचार कळला म्हणजे आचार घडलाच असे गृहीत धरलेले नाही, हे या ठिकाणी ध्यानात घेण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल की मग निश्चयाला जागाच उरली नाही. साधकाने जन्मभर साशंकच राहावे काय? तसे नव्हे. ईश्वराविषयी निश्चय असावा. स्वतःच्या निर्दोषपणाविषयी नसावा. ब्रॅडस्ट्रीटबाईंचे पत्र हेच शिकविते की संशय कबूल करूनही मार्ग सोडावा लागत नाही. आणि ऑसबर्नबाईंचे जीवन हे शिकविते की निश्चय लाभूनही डोळा आंधळा राहू शकतो. म्हणून अनुभव आणि आचार या दोहोंपलीकडे तिसरी एक साक्ष मानली पाहिजे: आपल्या वागण्याने ज्याला दुखते त्याची साक्ष. ती साक्ष बहुधा धर्मज्ञाकडून येत नाही. ती सेवकाकडून, लेकराकडून, घरात ज्याचे काही चालत नाही त्याच्याकडून येते. तिच्या भाषेत शास्त्राचा आधार नसतो, आणि ती आपल्या प्रार्थनेच्या वेळी विघ्न म्हणून येते. ती ऐकून मनाला राग आला, तर त्या रागातच आपल्या दोषाचा पत्ता लिहिलेला असतो.

तात्पर्य, अनुतापाचे अश्रू हे आरंभाचे चिन्ह होय. ते सिद्धीचे प्रमाण नव्हे. रोज रात्री आपण स्वतःला विचारतो की आज माझ्या स्मरणात खंड पडला काय, मन कोठे भटकले काय. हे विचारणे योग्यच आहे. परंतु त्या प्रश्नाच्या शेजारी आणखी एक प्रश्न ठेवावा: आज माझ्यामुळे कोणाला सोसावे लागले, आणि तो बोलला तेव्हा मी ऐकले काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण एकांतात देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या माणसाला विचारूनच द्यावे लागते.